कृष्णेच्या जलाशयातील नागार्जुनकोंडा

आपल्या समाजाच्या धम्मसहली बहुधा बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर किंवा अजिंठा-वेरूळ या मार्गाने जातात. नागार्जुनकोंडा त्या यादीत क्वचितच असतो. वास्तविक महाबळेश्वरी उगम पावून वाई-कऱ्हाड-सांगलीवरून वाहत जाणारी आपली कृष्णा नदीच या स्थळाला वेढून आहे. माजी विद्यार्थी व पालक यांनी आपल्या मुलांना घेऊन हे स्थळ पाहावे, आणि पाहताना काय लक्षात ठेवावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

तेलुगू भाषेत ‘कोंडा’ म्हणजे टेकडी. आज ज्याला आपण बेट म्हणतो ती मुळात एका विस्तीर्ण दरीतील टेकडी होय. सातवाहनांची सत्ता मावळल्यावर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात या प्रदेशात इक्ष्वाकू राजवंश उदयास आला. त्याची राजधानी विजयपुरी याच दरीत वसली होती. शिलालेखांत या परिसराला श्रीपर्वत असेही नाव आहे. नदीकाठी राजप्रासाद, घाट व देवालये होती, तर दरीभर स्तूप, चैत्यगृहे आणि विहार पसरले होते. महायान आचार्य नागार्जुनांचे नाव परंपरेने या टेकडीशी जोडले गेले आहे.

काळाच्या ओघात हे सारे मातीखाली गेले. १९२६ साली ए. आर. सरस्वती यांना येथील अवशेषांचा शोध लागला. पुढे १९२७ ते १९३१ या काळात लाँगहर्स्ट यांनी उत्खनन केले. महाचैत्याच्या गर्भात त्यांना सोन्याची एक लहान डबी मिळाली. तिच्यात अस्थीचा अंश होता. हा धातू पुढे सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात ठेवण्यात आला.

त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो धरणाचा. कोरडवाहू शेतीला पाणी मिळावे म्हणून कृष्णेवर धरण बांधण्याचे ठरले आणि १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नागार्जुनसागरची पायाभरणी झाली. सुमारे १२४ मीटर उंचीच्या त्या दगडी धरणामागे ही संपूर्ण दरी बुडणार होती. म्हणून १९५४ पासून आर. सुब्रह्मण्यम यांच्या मार्गदर्शनाखाली दरीचे मोठ्या प्रमाणावर उत्खनन हाती घेण्यात आले. जे हलविता येईल ते हलवावे, जे हलविता येणार नाही त्याचे नकाशे व मोजमापे घ्यावीत, असे ते काम होते. निवडक वास्तू उकलून टेकडीच्या माथ्यावर आणि काठावरील अनुपू येथे पुन्हा रचण्यात आल्या. बाकीची विजयपुरी पाण्याखाली गेली. शेतकऱ्याला पाणी हवे होते, हे आपल्यासारख्या खेड्यांतून आलेल्या माणसांनी नाकारू नये. पण त्या पाण्याची किंमत काय मोजली गेली, हेही आपण विसरू नये.

हैदराबादहून सडकेने सुमारे १५० किलोमीटर गेल्यावर धरणाचा परिसर लागतो. आंध्रच्या बाजूला विजयपुरी साउथ येथील धक्क्यावरून लाँच सुटते आणि पाऊण ते एक तासात बेटावर पोहोचते. या प्रवासात मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. आपली लाँच ज्या पाण्यावरून चालली आहे, त्याच्या तळाशी एके काळी रस्ते होते, विहारांची अंगणे होती, भिक्खूंची भिक्षाटनाची वाट होती.

बेटावर उतरल्यानंतर सर्व दर्शन पायीच घ्यावयाचे असते. प्रथम संग्रहालयात जावे. बुडालेल्या दरीची प्रतिकृती तेथे आहे. ती आधी पाहिली म्हणजे पुढील प्रत्येक वास्तू मूळची कोठली, हे ध्यानात येते. तथागतांची भव्य उभी मूर्ती आणि फिकट हिरवट चुनखडकातील शिल्पपट येथे जपलेले आहेत. बाहेर पडल्यावर इक्ष्वाकूकालीन स्नानघाटाच्या दगडी पायऱ्या पाहाव्यात. नदीत उतरणारा तो घाट आता टेकडीच्या माथ्यावर आहे.

महाचैत्याची रचना विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. त्याचा व्यास सुमारे १०६ फूट असून पाया चाकाच्या आकाराचा आहे. मध्यभागापासून निघणाऱ्या विटांच्या भिंती आऱ्यांप्रमाणे परिघाला भिडतात आणि मधल्या जागा मातीने भरलेल्या असत. त्यामुळे घुमटाचा भार सर्वत्र वाटला जाई, आणि धम्मचक्राचे रूपही साधे. चारही दिशांना पाच-पाच आयक स्तंभ असत. जन्म, गृहत्याग, संबोधी, प्रथम धम्मोपदेश आणि महापरिनिर्वाण या पाच घटनांचे ते प्रतीक मानले जातात.

हे स्तंभ आणि येथील लेख वाचले म्हणजे दात्यांची ओळख पटते. राजा चांतमूलाने अश्वमेध यज्ञ केल्याची नोंद येथीलच लेखांत आहे, आणि त्याच राजाची बहीण चांतिश्री हिने महाचैत्याचे काम करविले. राजघराण्यातील अनेक स्त्रियांनी संघाला दाने दिली. त्याहून मोलाचा वाटतो तो उपासिका बोधिश्रीचा लेख. ही राणी नव्हे. तिने ताम्रपर्णीच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, थेरांसाठी चैत्यगृह उभारले आणि आपल्या आप्तेष्टांची नावे पुण्यात सहभागी म्हणून कोरविली. ज्या ज्या देशांत या थेरांनी धम्म पोहोचविला त्यांची यादी तिच्या लेखात आहे. काश्मीर, गांधार, चीन, वंग यांच्याबरोबर तीत अपरांत, म्हणजे आपला कोकण किनारा, याचेही नाव येते. सतराशे वर्षांपूर्वी कृष्णेच्या काठची एक गृहिणी कोकणाची नोंद दगडावर करवून ठेवते, ही गोष्ट आपल्या मुलींना अवश्य सांगावी.

परतल्यावर अनुपू चुकवू नये. तेथे पुन्हा रचलेल्या विहारात मधला मंडप, त्याच्या भोवती ओळीने निवासाच्या लहान खोल्या, अशी मांडणी दिसते. काही विहारांत समोरासमोर दोन चैत्यगृहे असत. एकात स्तूप, दुसऱ्यात बुद्धमूर्ती. प्रतीकाला वंदन करणारे आणि मूर्तीला वंदन करणारे एकाच अंगणात नांदत होते. आपल्या वसतिगृहात एका ओळीतील खोल्यांत राहून, एकत्र जेवून, एकत्र वंदना म्हणून जे वाढले, त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. वारा किंवा पाण्याची स्थिती पाहून लाँच रद्द होऊ शकते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. सकाळची फेरी धरावी, पिण्याचे पाणी व डोक्याला टोपी न्यावी, वृद्धांना घाई करू नये. परतीच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.

नागार्जुनकोंडा मूळ स्वरूपात पाहणे आता कोणालाही शक्य नाही. जे उरले ते उरले, कारण पाणी चढण्यापूर्वी कोणी तरी दगड मोजले, लेखांचे ठसे घेतले, नावे वाचून लिहून ठेवली. आपल्या गावोगावच्या लेण्यांवर, जुन्या विहारांच्या भिंतींवर आणि घरातील वृद्धांच्या स्मरणात असेच पुष्कळ काही न वाचलेले आहे. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्यांनी ते वेळेत लिहून ठेवावे, एवढीच या निमित्ताने विनंती.