उजनीच्या पाण्यावर दोन दिवस : बेत आखा, पण वाऱ्याला विचारून

उसाला तोड मिळाली, ज्वारी हुरड्यात आली, म्हणजे घरात एक विषय निघतोच. "औंदा कुठं जायचं?" पोरांना पाणी बघायचं असतं. तुमच्या डोळ्यांपुढं मात्र रात्रपाळीची लाईट आणि डेअरीला घालायचं दूध. दोन दिवसांच्या वर घर सोडता येत नाही. मग लांब कशाला जायचं? आपल्या जिल्ह्याचं एवढं मोठं पाणी उशाशी आहे. त्या पाण्यावर कालवे चालतात, ऊस उभा राहतो. पण होडीत बसून ते निवांत पाहिलेले शेतकरी किती निघतील?

भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. फुगवटा पसरला आहे तो आपल्या करमाळ्यासह पुणे जिल्ह्यातील इंदापूर, दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यांपर्यंत. होडीच्या सहलीसाठी सोयीचे ठिकाण म्हणजे इंदापूर तालुक्यातील भिगवण. पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव, रेल्वे स्टेशनही आहे. जवळच कुंभारगाव व डिकसळ. तिथले मच्छीमार पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात.

कधी जावे?

डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. त्यातही रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचा असेल तर धरणातले पाणी किती उतरले आहे ते आधी पाहावे. हा पक्षी उथळ पाण्यात चोच उलटी घालून चरतो. रब्बीची आवर्तने सुटतात, पाणी मागे सरते, कडेचा गाळ उघडा पडतो, तेव्हा त्याचे ताट वाढले जाते. पाऊस दणकून झाला आणि धरण तुडुंब राहिले, तर तो उशिरा येतो. म्हणून कॅलेंडर पाहून गाडी ठरवू नका. होडीवाल्याला फोन करा आणि "पाणी कुठवर आलंय, पक्षी उतरलेत का?" एवढे विचारा. रोहित नसला तरी चित्रबलाक, पट्टकादंब, कुरव भेटतातच.

बेत असा आखा

पहिल्या दिवशी धारा काढून, जनावरांची सोय लावून निघा. दुपारपर्यंत भिगवण. संध्याकाळी काठावर फिरा, होडी ठरवा आणि दर पूर्ण होडीचा की माणशी, ते आधी बोलून घ्या. मुक्काम तिथेच करावा, कारण खरी मौज पहाटेची. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाण्यावर असावे. सकाळी पाणी बहुधा शांत असते, पक्षी चरत असतात आणि ऊन डोक्यावर आलेले नसते. दोन तास पुरे झाले. नऊ-दहापर्यंत काठाला यावे. मग भिगवणला चिलापी किंवा मरळीचे कालवण आणि भाकरी. पाणी पुरेसे उतरलेले असेल तर परतीच्या वाटेवर पळसदेवचे जुने देऊळ पाहावे. धरणाने गाव उठले, देऊळ पाण्यात गेले. पाणी ओसरले की ते वर निघते. आपला ऊस ज्या पाण्यावर उभा आहे, त्याच्याखाली कुणाची तरी गावे आहेत, हे पोरांना तिथेच सांगावे.

आता वाऱ्याचे

इथवर सगळे गोड झाले. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

21 मे 2024 रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यात दोन लहान लेकरे होती. एकजण पोहून काठाला लागला. ही माणसे सहलीला निघालेली नव्हती. रस्त्याने वळसा पडतो म्हणून दोन्ही काठांची माणसे होडीने जातात, तशीच जात होती. धरण त्या वेळी उणे पातळीत होते. तरीही घात झाला. म्हणून "पाणी कमी आहे, काही होत नाही" हे बोलणे सोडून द्यावे.

त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या. तिथे वादळ नव्हते. होडीत माणसे जास्त भरली होती.

वळीव कसा उठतो हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. ढग काळवंडला, गार झुळूक आली, की आपण खळ्यावर ताडपत्री टाकतो. पाण्यावर मात्र तोच माणूस म्हणतो, "पोचतोय की तेवढ्यात." रानात वाऱ्याला बांध, झाडे अडवतात. उघड्या जलाशयावर त्याला आडवे काहीच नसते. जितके पाणी रुंद, तितकी पलीकडच्या काठाला लाट मोठी. होडी शिडाची असो, वल्ह्याची असो की मोटारीची, त्या लाटेपुढे सगळ्यांची गत एकच. म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर होडीत बसूच नये. निघण्याआधी मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा आणि विजेसाठी 'दामिनी' ॲप पाहावे. "वारा सुटला तर अर्ध्यातून परत फिरायचे, पैसे पूर्ण देऊ" असे होडीवाल्याशी काठावरच ठरवावे. पैशासाठी त्याला पुढे जायची वेळ आणू नये.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी

जीवरक्षक जाकीट माणशी एक हवे आणि ते अंगात हवे. बुडाखाली घेऊन बसायला नव्हे. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहावे. कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे. पोरांना पोरांच्या मापाचेच घ्यावे. ते नसेल तर पोरांना काठावर ठेवावे, रडली तरी चालतील. फोटोसाठी उभे राहू नये, सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नये. होडी उलटलीच आणि तरंगत असली, तर तिलाच धरून राहावे. ओल्या गाळावर उतरू नये, पाय रुततो. काठाला मोटारींच्या केबली पाण्यात असतात, तिथे हात-पाय घालू नयेत.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनाही एक विनंती. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात मोटारीच्या होडीला नोंदणी व तपासणी सांगितली आहे. आपल्या गावच्या घाटावर किती होड्या आहेत, कोणाच्या, किती माणसांच्या आणि जाकिटे किती, ही यादी तरी ग्रामपंचायतीत असावी. घाटावर एक फळा लावून त्यावर होडीची माणसांची मर्यादा लिहावी. खर्च फार नाही. पाहुणे चार दिवस येतात. गावची पोरे आणि आजारी माणसे त्याच होडीने बारा महिने जातात.

तेव्हा यंदा जरूर जा. घरच्यांना घेऊन जा, पहाटे निघा, दहाच्या आत काठाला या. आणि त्या दिवशी सकाळीच वारा असला, तर होडीवाल्याला चहा पाजा, काठावरूनच पक्षी बघा आणि भाकरी खाऊन घरी या. पाणी कुठे जात नाही, पुढच्या आठवड्यात परत जाता येईल.