यंत्राची रोजकीर्द

भिवंडी म्हटली कीं जुन्या पिढीच्या कानांत यंत्रमागांचा खडखडाट घुमूं लागतो. अलीकडे मात्र मुंबई-नाशिक रस्त्याच्या आसपास, माणकोली, पूर्णा, राहनाळ या गांवांच्या शिवारांत, गोदामांची जी प्रचंड वसाहत उभी राहिली, तिनें या शहराला दुसरी ओळख दिली आहे. मुंबईच्या गृहिणीनें रात्रीं मागविलेली वस्तु दुसऱ्या दिवशीं दारांत येते, ती पुष्कळदां येथूनच. मधल्या रात्रींत शिल्लक मालाचा मेळ घालणें, पत्त्यांच्या चिठ्या छापणें, कोणत्या गाडींत काय भरावयाचें याची यादी करणें, हीं कामें संगणकावरील लहान लहान आज्ञावल्या करीत असतात. त्यांतील कित्येकींना ना चित्रें ना बटणें. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकली कीं त्या चालूं लागतात. आणि रात्रीं तर ती ओळ टंकावयासहि कोणी नसतो, नेमल्या वेळीं संगणकच ती चालवितो. मग पहाटे गाडी रिकामी उभी राहिली, तर काय बिघडलें हें सांगावें कोणीं?

हें सांगण्याचें काम ‘लॉग’ करतो. लॉग म्हणजे मूळचा लांकडाचा ओंडका. गांठी मारलेल्या दोरीला लांकूड बांधून खलाशी तें समुद्रांत टाकीत, जहाजाचा वेग मोजीत आणि वहींत टिपून ठेवीत. त्या वहीचें नांव संगणकाच्या नोंदींना मिळालें. मराठी वाचकाला मात्र रोजकीर्द हा शब्द अधिक जवळचा. खतावणी मागाहून, विषयवार लावून होते. रोजकीर्द घडेल तसें, घडेल त्या क्रमानें लिहिली जाते. लॉग ही रोजकीर्दच होय.

परंतु सर्वच नोंदी सारख्या मोलाच्या नसतात. १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत एरिक ऑलमन यांनीं ‘सेंडमेल’ या टपाल-आज्ञावलीसाठीं ‘सिसलॉग’ नांवाची व्यवस्था रचिली. तिच्यांतील नोंदींच्या आठ पायऱ्या आजहि प्रमाण मानल्या जातात. शून्य ते सात असे त्यांचे आंकडे; आंकडा जितका लहान, तितकें संकट मोठें. शून्यावर ‘इमर्जन्सी’, म्हणजे सारी व्यवस्थाच बंद. सातावर ‘डीबग’, म्हणजे केवळ कारागिराच्या उपयोगाचा बारीकसारीक तपशील. रोजच्या व्यवहारांत ‘एरर’, ‘वॉर्निंग’, ‘इन्फो’ आणि ‘डीबग’ या चारच पुरतात. सांगितलेलें काम झालें नाहीं, तर एरर. काम झालें, पण कोणीतरी लक्ष घालावयास हवें, तर वॉर्निंग: उदाहरणार्थ, चिठ्या छापल्या, परंतु तीन पत्त्यांना पिनकोड नव्हता. यादी सुरू झाली, यादी संपली, हें इन्फो.

ही निवड साधी दिसते, पण बहुतेक घोटाळे येथेंच होतात. क्षुल्लक गोष्टींनाहि एरर म्हणणारी आज्ञावली लिहिणारे पुष्कळ आहेत. चार दिवसांत देखरेख करणाराची नजर मरते आणि पांचव्या दिवशींची खरी चूक त्याच गर्दींत निघून जाते. याच्या उलट, दोष शोधण्यासाठीं चालूं केलेलें डीबग बंद करावयाचें राहून गेलें, तर नोंदींनींच तबकडी भरते व आज्ञावली जागा नाहीं म्हणून थांबते. शिवाय त्या तपशिलांत गिऱ्हाइकांचे पत्ते व दूरध्वनि क्रमांक उघडे पडतात, तें निराळेंच.

काळ्या पडद्यावरच्या साधनांस आणखी एक पथ्य आहे. त्यांना बाहेर बोलण्यास दोन वाटा असतात. एकीवरून कामाचें फळ जातें, दुसरीवरून तक्रारी व सूचना. फळ बहुधा सरळ दुसऱ्या आज्ञावलीच्या हातीं पडतें. पत्त्यांच्या यादीच्या वाटेवर सूचनेचें एक वाक्य सुटलें, तर तेंहि इमानानें छापलें जाऊन एखाद्या खोक्यावर चिकटेल!

ओळ कशी लिहावी? ‘फाइल उघडली नाहीं’ एवढ्यानें भागत नाहीं. कोणती फाइल, कोणत्या गाडीची, परवानगी नव्हती कीं फाइलच नव्हती, हें सारें त्याच ओळींत हवें. माणसाला साधें वाक्य बरें वाटतें; पण लाखों ओळी यंत्रानेंच चाळावयाच्या असतील, तर ‘जेसन’सारखी नांव आणि मूल्य यांची जोडी लावणारी पद्धत सोयीची पडते. वेळ मात्र दोहींतहि वर्ष, महिना, दिवस याच क्रमानें लिहावी. म्हणजे अक्षरानुक्रम आणि कालानुक्रम एकच होतात. तिच्यापुढें ग्रीनिचपासूनचें साडेपांच तासांचें अंतरहि नोंदवावें. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ आल्यावरहि मुंबईंत एकोणचाळीस मिनिटें मागें असलेली जुनी वेळ कित्येक वर्षें चालू होती. ‘दहा वाजतां’ म्हणजे कोणते दहा, हा प्रश्न त्या काळच्या मुंबईकराला नवा नव्हता. परदेशांतील संगणकाशीं भिवंडीच्या नोंदी ताडून पाहतांना तोच पुन्हां उभा राहतो.

फाइल वाढतच जाते. म्हणून रोज किंवा ठराविक आकार होतांच जुनी बाजूला काढून, आवळून ठेवावयाची व नवी उघडावयाची, अशी फिरती पाळी लिनक्सवर ‘लॉगरोटेट’ हें साधन संभाळतें. जुनी कधीं टाकून द्यावी, हें आतां सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहिलेलें नाहीं. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनीं व सेवा पुरविणाऱ्या संस्थांनीं आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावयाचे आहेत आणि घड्याळेंहि राष्ट्रीय वेळेशीं जुळतीं ठेवावयाचीं आहेत. डीबगचा पसारा सहा महिने सांभाळणें कोणास परवडावें? यासाठीं पायरी आधींच विचारपूर्वक ठरवावी लागते, आणि फाइलींची एक प्रत दुसऱ्या संगणकावर पाठवावी लागते. कारण रात्रीं तबकडीच बिघडली, तर बिघाडाची हकीकतहि तिच्याबरोबरच जाते.