धातू आणि हाड यांच्यामधला थर

भारतात गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिल्या गेल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा सांधा कितीला आणि टायटॅनियमचा कितीला एवढेच चर्चेत राहिले, आणि या मर्यादेच्या पुढच्या प्रत्येक मुदतवाढीच्या वेळीही चर्चा तिथेच घुटमळली. रोपण पक्के राहते की सैल होते, हे मात्र धातू हाडाला कसा धरून राहतो यावरही तितकेच अवलंबून असते. गुडघ्यात हे काम बहुधा सिमेंट करते. सिमेंटविना बसवल्या जाणाऱ्या खुब्याच्या अनेक सांध्यांवर मात्र जैवसक्रिय, म्हणजे जिवंत हाडाशी रासायनिक बंध जोडणाऱ्या, सिरॅमिकचा लेप असतो.

या विचाराचे मूळ फ्लॉरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांच्या कामात आहे. १९६७ मध्ये एका परिषदेला जाताना, व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने बसमध्ये त्यांना विचारले की, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तयार करता येईल का. धातूची आणि प्लास्टिकची रोपणे शरीर स्वीकारत नसल्याने जखमी सैनिकांचे अवयव कापावे लागत होते. हाडातील खनिज मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे संयुग, असल्यामुळे त्याचाच थर स्वतःवर चढवून घेणारा पदार्थ शरीराला परका वाटणार नाही, असे हेंच यांनी ताडले. १९६९ मध्ये त्यांनी सिलिका ४५ टक्के, सोडियम आणि कॅल्शियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरसचे ऑक्साइड ६ टक्के अशी काच बनवली. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी ढकलूनही निघेनात. काचेतील सोडियम शरीरद्रवात उतरतो, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो, त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट साचून ॲपेटाइटचे स्फटिक बनतात आणि हाडाचे कोलॅजन त्यांत गुंतते. रसायनशास्त्राने वैद्यकाला दिलेल्या सर्वांत सुंदर देणग्यांपैकी ही एक मानावी लागेल.

परंतु ही काच टायटॅनियमपेक्षा बरीच जास्त प्रसरण पावत असल्यामुळे, धातूवर वितळवून चढवली की थंड होताना तडकते. म्हणून धातूवर थेट हायड्रॉक्सिॲपेटाइटच चढवण्याची पद्धत रुळली, आणि ब्रिटिश शल्यचिकित्सक रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये असा लेप दिलेली खुब्याची दांडी रुग्णाला बसवली. दहा हजार अंशांहून तप्त प्लाझ्माच्या झोतातून पूड धातूवर मारली जाते. तिचे कण क्षणार्धात अर्धवट वितळून आदळतात आणि सुमारे ५० ते २०० मायक्रॉनचा थर बनतो. इतक्या उष्णतेत काही पदार्थ विघटित होतो, काही अस्फटिक राहतो, आणि असे भाग शरीरात लवकर विरघळतात. थोडे विरघळणे हाडाच्या वाढीला हवेच असते, अति विरघळले तर लेप सुटतो. या विद्येची सगळी कसोटी याच तोलात आहे. दातांच्या रोपणांत लेपाची झीज आणि हिरडीजवळ उघड्या पडलेल्या लेपावरील जंतूंची वाढ यांची धास्ती निर्माण झाली आणि दंतवैद्यक मुख्यतः आम्लाने खरवडलेल्या टायटॅनियमकडे वळले.

लेपामुळे हाड पहिल्या महिन्यांत लवकर धरते, याविषयी फारसा वाद नाही. दीर्घकाळाचे चित्र मात्र तितके निर्विवाद नाही: स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लेप असलेल्या खुब्याच्या वाट्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका अधिक आढळला. एखाद्या माहितीपत्रकातून असे कधीच कळले नसते. ते कळले, कारण तिथे १९७९ पासून खुबारोपणांची नोंद ठेवली जाते. भारतात रोपणाच्या वेष्टनावरील उत्पादन क्रमांकाची चिकटपट्टी रुग्णाच्या कागदांत लागते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. किमतीवर मर्यादा घालणाऱ्या शासनाने लेपाचा प्रकार आणि तो क्रमांक केंद्रीय नोंदवहीत नोंदवणे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक केले पाहिजे.