परदेशातील घर, करदायित्व मात्र भारतात

रावेर नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडील केळीचे शेत विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागत नाही. ही सवलत केवळ भारतातील ग्रामीण शेतजमिनीस आहे. परदेशातील जमिनीस वा घरास नाही. येथील सर्वसाधारण निवासी करदात्याच्या जगभरातील उत्पन्नावर भारतात कर आकारला जातो. दुबईत व्यक्तीला घरविक्रीच्या नफ्यावर प्राप्तिकर नाही. तथापि २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेले तेथील घर विकल्यास येथे नफ्यावर १२.५ टक्के कर, शिवाय उपकर भरावा लागतो. ब्रिटनमध्ये असा कर भरला असल्यास दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार त्याची वजावट मिळते. नफा असो वा नसो, परदेशी घराची नोंद विवरणपत्रात करावीच; अन्यथा २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.