मातीची ओल, ६८५ किलोमीटरवरून

रायपूरच्या आसपासचा शेतकरी मातीच्या चार जाती ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा मुरमाड, पाणी पडले की निथळून जाते. मटासी पिवळसर नि हलकी, डोरसा तिच्याहून भारी. काळी चिकण कन्हार ओल सर्वांत जास्त दिवस धरून ठेवते. भात कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच लाखोळी किंवा जवस फेकायची इथली रीत आहे. तिला ‘उतेरा’ म्हणतात, आणि ती बहुधा डोरसा-कन्हारातच साधते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातही लाखोळी अशीच घेतात. सारी भिस्त शिल्लक ओलीवर.

ही ओल आकाशातून मोजणारे यंत्र म्हणजे नासाच्या ‘स्मॅप’ उपग्रहावरचा रेडिओमीटर. ३१ जानेवारी २०१५ रोजी तो सुटला. सोबतचे रडार त्याच वर्षी जुलैमध्ये बंद पडले आणि सगळा भार रेडिओमीटरवर आला. रडार स्वतः लहरी सोडून प्रतिध्वनी टिपते. रेडिओमीटर मात्र फक्त ऐकतो. प्रत्येक उबदार वस्तूतून अत्यल्प सूक्ष्मलहरी बाहेर पडत असतात, त्यांतल्या सुमारे २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी तो पकडतो. ही लांबी ढगांना दाद देत नाही आणि उभ्या पिकातूनही बरीचशी पार होते.

ओल कळते ती पाण्याच्या विद्युत गुणधर्मामुळे. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक तीन-चार, पाण्याचा ८०च्या घरात. माती भिजली की तिची बरीच ऊर्जा पृष्ठभागावरूनच आत परतते. त्यामुळे २७ अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०० केल्विनची कोरडी जमीन वरून साधारण २८५ केल्विनची भासते. तीच चिंब झाली की १८०च्या आसपास उतरते. एवढा मोठा फरक असूनही मोजणे सोपे नाही, कारण यंत्राचा स्वतःचा गोंगाट या क्षीण संकेतात मिसळतो. १९४६ मध्ये रॉबर्ट डिकी यांनी तोड काढली: अँटेना आणि ज्ञात तापमानाचा संदर्भ यांच्यात झपाट्याने अदलाबदल करत फरक तेवढा मोजायचा. स्मॅपमध्येही हेच तत्त्व आहे. त्याची सहा मीटरची जाळीदार अँटेना मिनिटाला १४.६ फेरे घेते. वाचन पहाटे सहाला अधिक भरवशाचे, कारण तेव्हा माती आणि पाने जवळपास एकाच तापमानाला असतात.

भारताने या वाटेवर पाऊल टाकले ते ७ जून १९७९ ला. त्या दिवशी निघालेल्या ‘भास्कर-१’वर ‘समीर’ हा रेडिओमीटर होता. पण १९ आणि २२ गिगाहर्ट्झच्या त्याच्या आखूड लहरी समुद्र आणि बाष्प यांच्या कामाच्या. मातीला लांब लहरी लागतात.

मर्यादाही ठळक आहेत. एका वाचनात सुमारे ४० किलोमीटरचा टापू येतो: शहर, महानदीची वाळू, भाटा, कन्हार सगळे एकाच आकड्यात. धमतरीजवळच्या गंगरेल धरणासारखे पाणी आकडा बिघडवते, म्हणून त्याचा वाटा वजा करावा लागतो. श्रावणात बांध्या तुडुंब असताना ओल मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही. बस्तरच्या दाट जंगलात मातीचा आवाज झाडोऱ्यात हरवतो. शिवाय कळते ती वरच्या पाच सेंटिमीटरची ओल.

म्हणून पाऊस परतल्यावर अख्खे छत्तीसगढचे मैदान किती वेगाने वाळते आहे, हे स्मॅपला विचारावे. उतेरा टाकायचा की नाही, यासाठी मात्र बांधीतली माती मुठीत धरून पाहण्याला आजही पर्याय नाही.