न्यूयॉर्कच्या दलदलीतली वेगळी हाक

स्टेटन आयलंड हा न्यूयॉर्क शहराचाच एक भाग. महामार्ग, गोदामं, दाट वस्ती आणि मधूनच उरलेल्या पाणथळ जागा. २००८ च्या सुमारास रटगर्स विद्यापीठाचे संशोधक जेरेमी फाइनबर्ग तिथं लेपर्ड फ्रॉग, म्हणजे अंगभर ठिपके असलेल्या बेडकांचा अभ्यास करत होते. शहराच्या परिसरातून हे बेडूक का नाहीसे होत चाललेत, हा त्यांचा प्रश्न होता. दलदलीत नर ओरडत होते, आणि ते ओरडणं त्यांच्या कानाला खटकलं.

पुस्तकांप्रमाणे तिथं सदर्न लेपर्ड फ्रॉग असायला हवा होता. त्याचा नर एका दमात भरभर 'अक-अक-अक' करतो. उत्तरेकडची नॉर्दर्न लेपर्ड ही जात लांबलचक घोरते. इथं मात्र एकच आखूड 'चक्' ऐकू येत होतं, जरा थांबून पुन्हा 'चक्'.

हा फरक किरकोळ नाही. मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती मुख्यतः हाकेवरून. हाक वेगळी असेल तर जातच वेगळी असण्याची शक्यता बळावते. पण बेडकाचं रक्त थंड. गारठा वाढला की सूर मंदावतात, उबेत भरभर येतात. म्हणून दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना त्या वेळचं तापमान हाताशी लागतंच.

बेडूक हातात धरला तर डोळे चकतात. हिरवट-तपकिरी पाठ, गोल काळपट ठिपके, डोळ्यांमागून निघून पाठीवरून गेलेल्या दोन फिक्या कडा: हे सगळं या नव्या बेडकाचं आणि सदर्नचं सारखंच. मागची मांडी उलटून पाहावी लागते. नव्या बेडकाच्या मांडीमागे गडद रंगावर फिके ठिपके असतात, सदर्नच्या मांडीमागे फिक्या रंगावर गडद. पण प्रत्येक बेडकाचा रंग थोडा वेगळा, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही.

शंकेला आणखी एक जागा होती. हे दोन जुन्या जातींचे संकर तर नसतील? मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, तेव्हा तेवढाच तपासला तर संकर निसटू शकतो. कॅथरीन न्यूमन, फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी म्हणूनच पेशीकेंद्रातला डीएनएही तपासला. २०१२ मध्ये उत्तर आलं: हा संकर नाही, स्वतंत्र वंश आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात त्याचं रीतसर वर्णन आलं आणि नाव ठेवलं गेलं राना कॉफेल्डी. न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंड भागात नवा उभयचर सापडला तो १८५४ नंतर पहिल्यांदाच.

ज्यांचं नाव दिलं ते कार्ल कॉफेल्ड यांची गोष्ट मनाला लागते. पुढे स्टेटन आयलंडच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक झालेल्या या अभ्यासकानं १९३० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं, की न्यूयॉर्क परिसरात लेपर्ड फ्रॉगच्या तीन जाती आहेत. तेव्हा त्यांचं म्हणणं कुणी मानलं नाही. पुढची काही दशकं सगळे ठिपकेवाले बेडूक 'राना पिपिएन्स' या एकाच नावाखाली मोडत राहिले. १९६० च्या दशकाच्या शेवटी हाकांच्या ध्वनिमुद्रणांनी त्या एका नावाच्या पोटात अनेक जाती असल्याचं दाखवलं, पण कॉफेल्ड यांची तिसरी जात तरीही बाजूलाच राहिली. त्यांच्याकडे डीएनए नव्हता, नजर होती, आणि ती बरोबर होती.

अशी सरमिसळ सह्याद्रीलाही नवी नाही. त्याच २०१४ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी आंबोलीतून इंडिराना चिरवासी हा बेडूक शरीराची मोजमापं आणि जनुकं या दोन्हींच्या आधारे वेगळा काढला. आपल्याकडे पावसाळ्यातल्या हाकांची ध्वनिमुद्रणं जितकी साठतील, तितकं हे काम सोपं होईल.

न्यूयॉर्कच्या जातीचा शोध तिथंच थांबला नाही. हाक कशी ओळखायची हे एकदा कळल्यावर निरनिराळ्या राज्यांतल्या अभ्यासकांनी वसंतातल्या रात्री दलदलींच्या काठी कान लावले, आणि कनेक्टिकटपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ती सापडली. लाँग आयलंडवरचे लेपर्ड फ्रॉग मात्र नाहीसे झालेत. तिथं नेमकं काय गमावलं, हे आता संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांवरून नव्यानं तपासावं लागतं.