जुनं फायबर, रोजचं काम

बारामती-इंदापूर रस्त्यावर काटेवाडी ओलांडली की थोड्याच अंतरावर भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना लागतो. अशा कारखान्यात वजनकाट्यापासून कार्यालयापर्यंत नेटवर्क न्यायचं, तर तांब्याच्या इथरनेट केबलची 100 मीटरची मर्यादा आडवी येते. भरीला मोठ्या मोटारींचा विद्युत गोंगाट आणि वळवाच्या विजा.

इथे 1995 सालचं तंत्र उपयोगी पडतं: सेकंदाला 100 मेगाबिट नेणारं फायबर इथरनेट. एलईडीचा 1300 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काचेच्या तंतूतून 2 किलोमीटरपर्यंत जातो. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे केबलला धातूचं कवच नसेल, तर एका इमारतीतला विजेचा झटका तिच्यावाटे दुसरीकडे पोचत नाही.

वेग आजच्या मानाने कमी. पण वजनाच्या आकड्यांना लागतो किती? एका कॅमेऱ्याला 4 मेगाबिट धरले, तरी डझनभर कॅमेरे आरामात चालतात.

तंतू दोन असतात, एक पाठवणारा, एक घेणारा. जोडणीचा दिवा लागला नाही, तर एका टोकाला त्यांची अदलाबदल करून पाहावी. दोन्हीकडचे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्याची केबल आणि फायबर यांना जोडणाऱ्या पेट्या, शंभर मेगाबिटचेच हवेत. एकीकडे नुसत्या गिगाबिटचा लावला, तर जोडणी होत नाही. आणि चालू तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये.